आंब्याच्या दिवसांतला कुत्र्यांचा दवाखाना

सकाळी ७.१५
काका शटर वर ढकलतात. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत दोन गाळे जोडून केलेला हा दवाखाना. एका गाळ्यात तपासणी आणि औषधं, दुसऱ्यात एक्स-रे आणि ऑपरेशनची खोली. काका इथले मदतनीस. वय ५६. सासवडजवळच्या गावी घरात म्हशी होत्या, जनावर धरायला ते तिथेच शिकले. पगार १७ हजार. रात्री थांबावं लागलं तर ५०० रुपये वेगळे.

आधी फरशी. बादलीत फिनेल नसतं, मांजरांना ते बाधतं. पाण्यात हायपोक्लोराइट घालून पुसायचं, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग साध्या पाण्याने पुन्हा पुसायचं. फडकी वेगळी, बादल्या वेगळ्या.

सकाळी ७.५०
ऑटोक्लेव्ह लावलाय. १२१ अंश, १५ पौंड दाब, २० मिनिटं. काटा जागेवर येईपर्यंत काका तिथून हलत नाहीत. आत हत्यारांचे दोन संच आहेत आणि मॉपचे गठ्ठे. मॉप म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त-पाणी टिपायची जाड घडीची कापडं. एका गठ्ठ्यात दहा. बांधताना मोजायची, सोडताना मोजायची, पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायची. कुत्र्याच्या पोटातून वस्तू काढताना आपलीच एखादी आत राहायला नको.

भिंतीवरच्या फळीवर काचेच्या बरण्या आहेत. मक्याचं कणीस. आइस्क्रीमच्या काड्या. ओढणीचा वीतभर तुकडा. रबरी चेंडूच्या फोडी. लहान मुलाचा मोजा. आंब्याच्या कोया सगळ्यांत जास्त. हे सगळं कुत्र्यांच्या पोटातून निघालेलं आहे. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी आहे. तिच्यावर तारीख, कुत्र्याचं वजन आणि एका प्रश्नाचं उत्तर : गिळण्याआधी काय झालं?

सकाळी ९.०५
डॉक्टरबाई येऊन पाच मिनिटं होतात न होतात तोच पहिली गाडी दारात थांबते. ब्रुनो, लॅब्रेडॉर, तीन वर्षांचा. काट्यावर ३४ किलो. सोबत वडील आणि दहा वर्षांची मुलगी.

“कालपासून उलट्या करतोय, मॅडम. मधेच बरा होतो. खातो, परत काढतो.”

डॉक्टर आधी हिरड्या बघतात. कोरड्या, चिकट. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात, ती सावकाश खाली बसते. अंगातलं पाणी कमी झालंय. काका ब्रुनोच्या छातीखालून हात घालून उभे आहेत. पोटाच्या पुढच्या भागावर डॉक्टरांची बोटं दाबतात तेव्हा तो पाठ वाकवतो.

“घरातलं काही हरवलंय का? मोजा, चेंडू, खेळणं?”

वडील मान हलवतात. मुलगी म्हणते, “रविवारी त्याने कोय पळवली होती.”

“मग काय झालं?”

“बाबा ओरडले आणि मागे धावले. त्याच्या तोंडात हात घातला. तर त्याने गिळूनच टाकली.”

आज बुधवार. डॉक्टर केसपेपरवर लिहितात.

सकाळी ९.३५
शिशाचा एप्रन अंगावर चढवला की काकांचे खांदे खाली येतात. दिवसातून चार-पाच वेळा तो घालावा लागतो. गळ्याला वेगळा पट्टा. ब्रुनोला गुंगीचं हलकं इंजेक्शन दिलंय. एक फोटो कुशीवर, एक पाठीवर. दोन्हींचे मिळून १२०० रुपये.

दगड, हाड, नाणं, खिळा असता तर पांढरा उमटला असता. कोय तशी दिसत नाही. कापड, रबर, प्लॅस्टिकही दिसत नाही. पडद्यावर नुसतं फुगलेलं जठर आहे आणि त्यात वायूच्या कडेने एक लांबट आकार. खात्रीसाठी सोनोग्राफी. तिथे एक चकचकीत वाकडी रेघ आणि तिच्याखाली स्वच्छ काळी सावली. काका ती सावली बघून मान डोलावतात. मे महिन्यात त्यांनी ती पुष्कळदा पाहिली आहे.

डॉक्टर वडिलांना कागदावर चित्र काढून दाखवतात. जठराचं आतड्याकडचं दार अरुंद असतं. कोय तिथे बुचासारखी बसते, तेव्हा उलटी होते. मागे सरकली की कुत्रा बरा वाटतो, खातोही. म्हणून दोन दिवस कळत नाही. आंब्याचा गर आम्लात विरघळतो, टणक कवच आणि रेषा राहतात. पुढे सरकली तर छोट्या आतड्यात अडकते, आणि आतड्याचा रक्तपुरवठा दाबला गेला की तो भाग काळा पडतो. आज ती जठरात आहे. आजच काढायची.

“उलटीचं औषध देऊन नाही का निघणार?”

“एवढी मोठी कोय परत वर येताना अन्ननलिकेत अडकू शकते. दुर्बिणीनेही बघता येईल, पण ती मोठ्या हॉस्पिटलात आहे. कोय मोठी आणि निसरडी. चिमट्यात धरली तरी सुटते. तिथे नाही निघाली तर ऑपरेशन करावंच लागतं.”

खर्च : तपासण्या, भूल, ऑपरेशन, एक रात्र, सगळं धरून २२ हजार. वडील बाहेर जाऊन फोन करतात. परत येऊन १० हजार मोबाइलवरून भरतात. बाकीचे उद्या, म्हणतात. डॉक्टर बरं म्हणतात.

सकाळी १०.१०
पुढच्या पायाचे केस ट्रिमरने काढून सुई लावली. रक्ताच्या अहवालात पोटॅशियम आणि क्लोराइड कमी. जठरातलं आम्ल उलटीतून बाहेर जात राहिलं की असं होतं. असल्या अवस्थेत भूल दिली तर हृदय दगा देऊ शकतं. म्हणून आधी नॉर्मल सलाइन, त्यात मोजून पोटॅशियम. दोन तास. ब्रुनो पिंजऱ्यात, मुलगी पिंजऱ्यासमोर स्टुलावर.

सकाळी १०.४०
वडापावची गाडी लावणाऱ्या मावशी आल्या आहेत. हातातल्या सुतळीला रस्त्यावरची तांबूस कुत्री, राणी. रोज गाडीखाली झोपते.

“माती खाते हो. विटेचे तुकडे चघळते. हाकललं तरी परत तिथेच. काय सवय लागली काय माहीत.”

काका राणीचा ओठ वर करतात. हिरडी पांढरट. कानामागे गोचिडी, बोटाच्या पेराएवढ्या टम्म. काका चिमट्याने एकेक काढून स्पिरिटच्या बाटलीत टाकतात. रक्ताचा थेंब काचपट्टीवर, बाकीचं बारीक नळीत घालून यंत्रात फिरवलं. तांबड्या पेशींचं प्रमाण १७ टक्के. निरोगी कुत्र्यात ते साधारण ३७ ते ५५ असतं. गोचीड ताप.

माती-विटा खाण्यामागे हे मोठं कारण आहे. रक्त कमी झालं की काही कुत्री न खायच्या वस्तू खायला लागतात. जंत, स्वादुपिंडाचा आजार, यकृताचा दोष, भूक वाढवणारी स्टेरॉइड किंवा फिटची औषधं, यांनीही ते होतं. फोटोत राणीच्या पोटात थोडी बारीक खडी दिसते. ती आपली आपण जाईल.

डॉक्सिसायक्लिन, २८ दिवस. “गोळी नुसती टाकू नका. खाण्यातून द्या, वर पाणी पाजा. घशाखाली अडकली तर जखम करते.” पहिल्या पट्ट्या डॉक्टर दवाखान्यातूनच देतात. मावशी गल्ल्यातल्या सुट्ट्या नोटा मोजून २०० रुपये टेबलावर ठेवतात. काका पावती करतात. रस्त्यावरच्या जनावरासाठी तेवढेच घ्यायचे, असं इथे ठरलेलं आहे.

दुपारी १२.२०
ऑपरेशनची खोली. ब्रुनो उताणा, चारही पाय पट्ट्यांनी बांधलेले. नळी श्वासनलिकेत, वर आयसोफ्लुरेन. पोटावर पोव्हिडोन आयोडीन आतून बाहेर, तीन वेळा. डॉक्टर आणि त्यांच्या हाताखालचे तरुण डॉक्टर हात धुऊन तयार. काका निर्जंतुक कपड्यांत नाहीत, ते टेबलापासून हातभर दूर उभे राहतात. त्यांचं काम मॉनिटर वाचायचं.

“हार्ट ९८. ऑक्सिजन ९९.”

बरगडीखालून बेंबीपर्यंत सरळ छेद. जठर बाहेर ओढून त्याच्याभोवती ओले मॉप दाबून बसवतात, म्हणजे आतलं पाणी पोटात सांडणार नाही. दोन धाग्यांनी जठर वर ताणून धरतात. वरच्या आणि खालच्या वळणाच्या मधोमध रक्तवाहिन्या विरळ असतात. पातं तिथेच टेकतं. आंबूस वास खोलीभर पसरतो. सक्शनच्या नळीचा आवाज.

“हार्ट १०४.”

चिमटा आत जातो. एकदा सुटतो. दुसऱ्यांदा कोय येते. काळपट, रेषांना फेस चिकटलेला. काका स्टीलचं भांडं पुढे करतात. डॉक्टर थांबत नाहीत. बोट आत घालून सगळं जठर चाचपतात आणि मुलीचं केसांचं रबर बाहेर येतं. मग आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांमधून सरकवत बघायचं. गिळणाऱ्या कुत्र्याने एकच वस्तू गिळली असेल असं धरून चालत नाही.

जठर दोन थरांत शिवतात. विरघळणारा २-० धागा, पाकीट साडेसहाशेचं. आज तीन पाकिटं लागतील. शिवण झाली की हातमोजे बदलायचे, हत्यारांचा दुसरा संच उघडायचा. कोमट सलाइनने पोट धुवायचं. चरबीची झालर शिवणीवर पांघरायची.

“मॉप?”

काका वापरलेले मॉप ट्रेमध्ये एकेक पसरून मोजतात. “दहा. सगळे.”

मग पोट बंद होतं. १.३० वाजलेत.

दुपारी २.१५
डबे उघडतात. काकांच्या डब्यात पोळी, भेंडी आणि कैरीची फोड. ब्रुनो टेबलाजवळच गादीवर, अंगावर ब्लँकेट, नळी निघालेली. डॉक्टर जेवता जेवता बरणीची चिठ्ठी लिहितात. ३४ किलो. आधी काय झालं : मागे धावले, तोंडात हात घातला.

फळीवरच्या चिठ्ठ्या वाचत गेलं की तीच तीच उत्तरं येतात. हिसकावलं. एकटा होता. दात येत होते. पाहुणे आले होते, कोणाचं लक्ष नव्हतं. कुत्र्याच्या तोंडात काही दिसलं की माणूस झेप घेतो. कुत्रा त्यातून एवढंच शिकतो की तोंडातलं काढून घेतलं जातं. पुढच्या वेळी तो आधी गिळतो. ज्या घरात आरडाओरडा जास्त, तिथला कुत्रा गिळायला जास्त चपळ. डॉक्टरांनी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, म्हणूनच चिठ्ठीवर तो प्रश्न आला.

दुपारी ३.३०
मोती, गावठी, दोन वर्षांचा. मालक-मालकीण दोघं हिंजवडीत कामाला. घरून काम होतं तोवर मोती ठीक होता. आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. गेल्या वर्षी मोजा गिळला म्हणून एकदा पोट उघडलं. परवा उलटीतून पायपुसणीचे धागे निघाले.

डॉक्टरांनी फोनवर चित्रण करून आणायला सांगितलं होतं. सगळे मिळून बघतात. ९.१० ला दार बंद होतं. ९.१४ ला मोती दार ते खिडकी फेऱ्या मारतोय, जीभ बाहेर, लाळ गळतेय. दार खरवडतो. ९.३१ ला कपड्यांच्या टोपलीत तोंड घालतो. मालकांच्या अंगाचा वास असलेलीच वस्तू उचलतो.

“आम्हाला वाटायचं राग काढतोय,” मालकीण म्हणते.

“घाबरलाय तो,” डॉक्टर म्हणतात.

फ्रान्समधल्या पशुवैद्यांनी वस्तू गिळणाऱ्या कुत्र्यांची इतर कुत्र्यांशी तुलना केली होती. ते काम २०२१ साली प्रसिद्ध झालं. अतिचंचलता आणि चिंता यांची लक्षणं गिळणाऱ्यांमध्ये जास्त दिसली. पोट उघडून मोजा काढता येतो, भीती तशीच राहते. मग दुसरं ऑपरेशन ठरलेलं.

कागदावर काय लिहून दिलं : फ्लुऑक्सेटिन, माणसांच्याच औषधाच्या दुकानात मिळणारं, स्वस्त. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे. टोपलीला झाकण. किल्ली हातात घ्यायची आणि बाहेर न जाता परत ठेवायची, दिवसातून बऱ्याचदा. मग अर्धा मिनिट दाराबाहेर, मग एक, मग तीन. तो शांत राहिला तरच वेळ वाढवायची. ऑफिसच्या दिवशी दुपारी कोणीतरी फिरवून आणायचं. सोसायटीत फिरवणारा मुलगा महिन्याचे तीन हजार घेतो. दोघं एकमेकांकडे बघतात. मालक म्हणतात, “ऑपरेशनपेक्षा कमीच.” आल्यावर फाटलेली वस्तू दिसली तरी मारायचं नाही. मारलं की दार उघडण्याचीही भीती बसते.

संध्याकाळी ५.१०
म्हातारी पॉमेरेनियन, आजोबांच्या मांडीवर. सारखी फरशी चाटते. भिंतही. घरच्यांनी फरशीला कडू औषध लावून पाहिलं, आवाज चढवून पाहिलं.

डॉक्टर पोटाबद्दल विचारतात. पहाटे पिवळी उलटी होते का? गवत खाते का? दोन्हींना हो. कॅनडातल्या माँट्रियलच्या पशुवैद्यांनी असं पृष्ठभाग चाटत राहणारी १९ कुत्री नीट तपासली होती. त्यांचं काम २०१२ साली आलं. १४ जणांच्या पचनसंस्थेत दोष निघाला. कुठे आतड्याला सूज, कुठे जठर उशिरा रिकामं होणं, आणि त्या यादीत पोटात पडून राहिलेली वस्तूही होती. जी सवय म्हणून रागावलं जातं, ती मळमळ असू शकते. म्हणजे पोटातल्या वस्तूमुळे वागणं बिघडतं आणि वागण्यामुळे वस्तू पोटात जाते. रस्ता दोन्हीकडून आहे. कुठून सुरुवात झाली ते तपासल्याशिवाय कळत नाही.

सोनोग्राफी उद्या सकाळी, उपाशीपोटी. आज आम्ल कमी करणारी गोळी आणि रात्री झोपताना दोन घास.

संध्याकाळी ६.३०
चार महिन्यांचं बीगलचं पिल्लू लसीसाठी आलंय. दात बदलायचे दिवस. दुधाचे २८ पडून पक्के ४२ यायला सहा-सात महिन्यांचं वय उजाडतं. तोवर जे दिसेल ते तोंडात. पिल्लू जग तोंडानेच चाचपतं, त्यात वावगं काही नाही.

लस टोचून झाली की काका मालकिणीला बाजूला घेतात. हे काम डॉक्टरांनी त्यांच्याकडेच दिलंय. खिशातून दोरीचं खेळणं काढतात. डबीतून उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे. पिल्लाच्या तोंडात दोरी. काका ती ओढत नाहीत. तुकडा नाकाजवळ नेतात आणि थांबतात. तोंड उघडतं.

“सोड,” काका म्हणतात. शब्द तोंड उघडताना येतो, आधी नाही. तुकडा देतात. आणि दोरी परत त्यालाच देतात.

“परत का दिली?” मालकीण विचारते.

“ताई, सोडलं की आपलं जातं असं त्याला वाटलं तर तो सोडणार कशाला? दहापैकी नऊ वेळा परत द्यायची. मग दहाव्या वेळी सुई असली तरी सोडतो.”

पुन्हा तुकडा. सोड. दोरी परत. पाच-सहा वेळा. काकांच्या उजव्या हातावर दातांच्या जुन्या खुणा आहेत. शिकवण्याचे पैसे बिलात लावत नाहीत.

रात्री ८.१५
ब्रुनोचे वडील आणि मुलगी परत आलीत. ब्रुनो शेपटी जमिनीवर आपटतो, उठत नाही. गळ्याभोवती प्लॅस्टिकचा कोन.

“एवढं खायला घालतो, तरी कचऱ्यात तोंड का घालतो?”

डॉक्टर सांगतात. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी लॅब्रेडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असल्याचं दाखवलं. पीओएमसी हे त्या जनुकाचं नाव. त्यांनी तपासलेल्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्यात तो बदल होता. अशा कुत्र्यांना अन्नाचं वेड जास्त असतं. ब्रुनोत तो आहे की नाही, तपासलेलं नाही. पण लॅब घरात असेल तर कचऱ्याच्या डब्याला पायाने उघडणारं घट्ट झाकण हवं, हे धरूनच चालायचं.

पुढचे तीन ते पाच दिवस महत्त्वाचे. शिवण सुटली तर त्याच काळात. ताप, पोट कडक होणं, खाणं सोडणं, पुन्हा उलटी, काहीही दिसलं तर रात्री-अपरात्री फोन करायचा. उद्या पाणी थोडं थोडं, मग मऊ भात आणि कोंबडीचं पाणी, एका वेळी चार चमचे. टाके दहा-बारा दिवसांनी. कोन तोवर काढायचा नाही.

मग काका मुलीला दोरी आणि डबी देतात. ब्रुनोवर आज नको, टाके आहेत. आज बाबांवर सराव. वडील दोरीचं टोक हातात घट्ट धरून बसतात. मुलगी ती ओढत नाही.

रात्री ९.४०
हिशेब. तीन धाग्यांचे १९५०. ऑक्सिजनच्या सिलिंडरची भरणी ३५०. भुलीची औषधं, हातमोजे, सलाइन. पिवळ्या पिशवीतला दवाखान्याचा कचरा न्यायला गाडी उद्या येईल, तिचे महिन्याचे वेगळे. काका आज रात्री थांबणार, त्यांचे ५०० डॉक्टर वहीत मांडतात. दर दोन तासांनी ब्रुनोची हिरडी बघायची, सलाइनचे थेंब मोजायचे.

ज्यांच्या घरात कुत्रा आहे त्यांच्यासाठी एवढंच. आंबा खाऊन झाला की कोय तिथल्या तिथे झाकणाच्या डब्यात टाका. कुत्र्याच्या तोंडात नको ते दिसलं तर धावू नका, ओरडू नका, हात घालू नका. त्याला त्याहून आवडतं काहीतरी दाखवा आणि सोडायला लावा. हे आजपासून शिकवा, रोज पाच मिनिटं. गिळलंच तर वेळ लिहून ठेवा, तशीच दुसरी वस्तू असेल तर सोबत घ्या, आणि थेट दवाखाना गाठा. मिठाचं पाणी पाजू नका, त्याने जीव जाऊ शकतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता त्यांना सांगा, गिळण्याआधी काय झालं होतं.